वाचकांचे प्रश्न : लोकसंख्येचे वय वाढते तेव्हा सरकारी आरोग्यखर्चाचे काय होते?

ज्येष्ठांची संख्या आणि सरकारचा आरोग्यावरचा खर्च या विषयावर बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांतले नऊ इथे घेतले आहेत. हिशेबाच्या उदाहरणांत पैशाऐवजी 'एकक' वापरले आहे, म्हणजे कोणत्याही देशाचे चलन त्या जागी घालून पाहता येईल.

प्रश्न : एखाद्या देशात ६५ वर्षांवरच्यांचे प्रमाण तीस वर्षांत १२ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर गेले, म्हणजे जवळपास दुप्पट झाले, तर सरकारचा आरोग्यखर्चही दुप्पट होणार का? अशी भाकिते सतत वाचनात येतात.

नाही होणार. कागद घेऊन बसलात तर दहा मिनिटांत स्वतःच पडताळून पाहाल.

१०० माणसांचा देश धरा. पंधरा वर्षांखालची मुले २०, १५ ते ६४ वयाचे ६८, त्यावरचे १२. मुलामागे वर्षाला १ एकक खर्च, मधल्या वयाच्या माणसामागे दीड आणि ज्येष्ठामागे ५ धरू. (आकडे उदाहरणापुरते आहेत, पण प्रमाण हवेतले नाही. श्रीमंत देशांत ज्येष्ठांचा दरडोई खर्च तरुणांच्या साधारण तीन ते पाच पट असतो.) बेरीज : २० + १०२ + ६० = १८२ एकक. तीस वर्षांनी हीच १०० माणसे १५, ६२ आणि २३ अशी विभागली गेली, तर १५ + ९३ + ११५ = २२३ एकक. वाढ साडेबावीस टक्के, म्हणजे वर्षाला सरासरी ०.६८ टक्के.

आता वयाला हात न लावता दुसरी गोष्ट बदला. नवी औषधे, नवी यंत्रे, डॉक्टर-परिचारिकांचे वाढते पगार यांमुळे प्रत्येक वयाच्या माणसामागचा खर्च महागाई वगळून वर्षाला अडीच टक्क्यांनी वाढतो असे समजा. तीस वर्षांत तो २.१ पट होतो. दोन्ही एकत्र केले तर एकूण खर्च सुमारे २.५७ पट. वर्तमानपत्रात 'ज्येष्ठांमुळे खर्च अडीच पट' असे छापून येते ते याच बेरजेवरून. त्यातला ज्येष्ठांचा वाटा मात्र त्या साडेबावीस टक्क्यांपुरता आहे.

मग काळजीचे काहीच नाही का? आहे, पण दुसऱ्या रकान्यात. वरच्या उदाहरणात कमावत्या वयाचे लोक ६८ वरून ६२ वर आले. आधी प्रत्येक कमावत्याच्या डोक्यावर २.६८ एककांचा भार होता, आता ३.६०. ही वाढ ३४ टक्के आहे, साडेबावीस नव्हे. जिथे आरोग्यव्यवस्था पगारातून कापल्या जाणाऱ्या वर्गणीवर चालते (१८८३ साली जर्मनीत सुरू झालेली पद्धत, आज अनेक देशांत आहे) तिथे हा चिमटा पुरता बसतो. जिथे पैसा सर्वसाधारण करातून येतो, तिथे थोडा कमी, कारण निवृत्त माणूसही वस्तू विकत घेताना कर भरतच असतो. तेव्हा वयाचा धक्का फक्त खर्चाच्या बाजूला नाही, जमेच्या बाजूलाही बसतो. अंदाजपत्रकांवरच्या चर्चेत नेमकी ही बाजू सुटते.

हिशेब करताना तीन चुका हमखास होतात. ६५ च्या वरच्या सगळ्यांचा एकच गट करणे ही पहिली. ६६ वर्षांचा आणि ९१ वर्षांचा माणूस एका पारड्यात घालता येत नाहीत, म्हणून पाच-पाच वर्षांचे गट निदान नव्वदीपर्यंत पाडावेत. एकूण खर्चाची वाढ सांगताना लोकसंख्येची वाढ वेगळी न काढणे ही दुसरी. तिसरी जरा आडवळणाची आहे आणि ती पुढच्या उत्तरात येते.

प्रश्न : आयुष्याच्या शेवटच्या वर्षातच सगळा पैसा जातो असे म्हणतात. मग तेवढा खर्च आवरला की प्रश्न सुटला, नाही का?

यात दोन वेगळे मुद्दे एकमेकांत अडकले आहेत.

पहिला मुद्दा खरा आहे : माणसाचा वैद्यकीय खर्च वयापेक्षा मृत्यू किती जवळ आहे त्यावर जास्त ठरतो. १९९९ साली पीटर झ्वाइफेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडच्या विमा नोंदींवरून हे मांडले. त्यांचे म्हणणे असे की वाढत्या वयाकडे बोट दाखवणे ही दिशाभूल आहे. ऐंशीच्या घरातल्यांचा सरासरी खर्च जास्त दिसतो, कारण त्यांच्यातले जास्त जण त्या वर्षी मरणार असतात. नंतरच्या संशोधकांनी त्यांच्या संख्याशास्त्रीय पद्धतीवर आक्षेप घेतले. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड परिसराच्या दीर्घ नोंदींवरून २००४ साली असे दाखवले गेले की रुग्णालयाचा खर्च मृत्यूच्या सुमारे पंधरा वर्षे आधीपासून चढू लागतो आणि वयाचाही थोडा स्वतंत्र परिणाम उरतो. आज सर्वसाधारण मत असे : रुग्णालयाचे बिल मृत्यूच्या जवळिकीवर चालते आणि शुश्रूषेचे, म्हणजे रोजच्या कामांत दीर्घकाळ लागणाऱ्या मदतीचे, बिल वयावर. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हिशेबातली तिसरी चूक इथेच होते. आजचा प्रत्येक वयाचा खर्च जसाच्या तसा पुढच्या पिढीला चिकटवतात. पण पुढची पिढी जास्त जगणार, म्हणजे त्याच वयात तिच्यातले कमी लोक मरणार. आपल्याच उदाहरणात ज्येष्ठांपैकी ५ टक्के दरवर्षी मरतात आणि शेवटच्या वर्षात प्रत्येकावर ३० एकक खर्च होतो असे धरा. मग उरलेल्यांवरचा सरासरी खर्च ३.६८ येतो (एकूण सरासरी ५ राहायला हवी). तीस वर्षांनी मृत्यूचे प्रमाण ४ टक्के झाले, तर सरासरी ४.७४ वर उतरते, एकूण खर्च २२३ ऐवजी २१७ होतो आणि वार्षिक वाढ ०.६८ ऐवजी ०.५९ टक्के. फरक लहान वाटेल, पण मोठ्या अंदाजपत्रकात तो लहान राहत नाही.

दुसरा मुद्दा, 'सगळा पैसा शेवटच्या वर्षात जातो', हा खरा नाही. नऊ देशांच्या आकडेवारीवरून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत एकूण वैद्यकीय खर्चातला शेवटच्या बारा महिन्यांचा वाटा अमेरिकेत ८.५ टक्के, तर तैवानमध्ये ११.२ टक्के निघाला. मग अमेरिकेच्या मेडिकेअरबद्दल 'चौथा हिस्सा शेवटच्या वर्षात' असे का सांगतात? तोही आकडा बरोबर आहे, फक्त भाजक वेगळा. मेडिकेअर ही मुख्यतः ६५ च्या वरच्यांची सरकारी आरोग्य विमा योजना. देशातले बहुतेक मृत्यू तिच्या सभासदांत होतात आणि तरुणांचा खर्च तिच्या बेरजेत येतच नाही. टक्केवारी ऐकली की आधी 'कशाची' हे विचारायचे, ते यासाठी.

आणि हा खर्च आवरायचा तर कोण मरणार हे आधी कळायला हवे. लिरान आइनाव्ह यांच्या गटाने २०१८ साली मेडिकेअरच्याच नोंदींवर संगणकाला अंदाज बांधायला लावला. वर्षभरात मरण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे अशा लोकांवर झालेला खर्च एकूण खर्चाच्या पाच टक्क्यांहूनही कमी निघाला. म्हणजे 'वाया गेलेला' खर्च माणूस गेल्यावर दिसतो. उपचार चालू असताना समोर फक्त एक आजारी माणूस असतो आणि तो बहुधा वाचणार असतो. घरी वेदनाशमन आणि सांत्वनसेवा मिळावी याच्या बाजूने भक्कम कारणे आहेत. ती रुग्णाच्या इच्छेची आणि त्रासाची आहेत, बचतीसाठी तिचा आग्रह धरू नये.

प्रश्न : माणूस जास्त जगतो म्हणजे जास्त वर्षे आजारी राहतो, असे समजायचे का?

यावर अभ्यासकांची तीन मते आहेत आणि तिन्ही जवळपास एकाच काळातली. अर्नेस्ट ग्रुएनबर्ग १९७७ मध्ये म्हणाले की औषधांनी मरण टळते, आजार नाही, म्हणून आजारी वर्षे वाढतील. जेम्स फ्राइज यांनी १९८० मध्ये उलट सांगितले : दुखणी उशिरा सुरू होतील आणि शेवटच्या थोड्या वर्षांत गोळा होतील. केनेथ मँटन यांनी १९८२ मध्ये मधली वाट घेतली : आजारी वर्षे वाढतील, पण आजाराची तीव्रता कमी होईल.

काय मोजता त्यावर उत्तर बदलते. निदाने मोजली तर ग्रुएनबर्ग जिंकतात, कारण रक्तदाब, मधुमेह हे आता फार लवकर पकडले जातात आणि 'आजारी' हा शिक्का वीस वर्षे आधी बसतो. स्वतःची आंघोळ, कपडे, चालणे यांसाठी मदत लागणारी वर्षे मोजली तर बऱ्याच श्रीमंत देशांत चित्र इतके वाईट नाही. स्मृतिभ्रंशाचेही तसेच. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या दीर्घ अभ्यासांत त्याच वयाच्या माणसाला तो जडण्याचे प्रमाण दर दशकाला सुमारे १३ टक्क्यांनी घटलेले दिसले. तरी रुग्णांची संख्या वाढतेच आहे, कारण पंच्याऐंशी ओलांडणारेच वाढले. अंदाजपत्रक बनवणाऱ्याने निदानांवर नव्हे, मदतीच्या वर्षांवर नजर ठेवावी. पैसा तिथे जातो.

प्रश्न : मी रुग्णालयात परिचारिका आहे. उपचार संपलेले वृद्ध रुग्ण आठवडेच्या आठवडे वॉर्डात पडून असतात, कारण घरी त्यांचे करायला कुणी नसते. हा खर्च कुणाच्या खात्यात पडतो आणि यावर कुणी उपाय केला आहे का?

खर्च रुग्णालयाच्या खात्यात पडतो, म्हणजे सगळ्यांत महाग खात्यात. ज्या माणसाला फक्त उठायला-बसायला मदत हवी आहे तो ऑक्सिजनची नळी, रात्रपाळीचे डॉक्टर आणि प्रयोगशाळा यांच्या मधोमध राहतो. त्याचे नुकसान होते ते वेगळेच. धडधाकट वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवून केलेल्या प्रयोगात त्यांच्या पायांचे स्नायू जवळपास एक किलोने घटले. आजारी माणसाचे त्याहून वाईट होते. पायांवर चालत आलेला रुग्ण तीन आठवड्यांनी चाकाच्या खुर्चीतून जातो आणि पुढची सगळी वर्षे शुश्रूषेचा खर्च मागे लावून घेतो.

या खड्ड्यात सगळ्यांत नीट नोंदलेली उडी जपानची. १९७३ साली तिथे सत्तरीवरच्यांचे उपचार मोफत झाले. शुश्रूषेची सोय मात्र वेगळी नव्हती, आणि जी होती ती गरिबांसाठी, चौकशी करून दिलेली. रुग्णालय फुकट आणि तिथे राहण्यात कमीपणाही नाही, त्यामुळे वृद्ध महिनोन्महिने तिथेच राहू लागले. आजारासाठी नव्हे, सामाजिक कारणांसाठी भरती. १९८३ मध्ये पुन्हा थोडी रक्कम रुग्णाने भरायची असे ठरले, पण रुग्णालयात राहण्याचे कारणच दुसरे होते, त्याला हा उपाय पुरला नाही. एप्रिल २००० पासून तिथे वेगळा शुश्रूषा विमा आहे. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्गणी भरायची. निम्मा पैसा वर्गणीतून, निम्मा करातून. रुग्णाचा वाटा सुरुवातीला सरसकट १० टक्के होता. चांगले उत्पन्न असलेल्यांना २०१५ पासून २० टक्के आणि त्याहून वरच्यांना २०१८ पासून ३० टक्के.

इंग्लंडमध्ये गाठ वेगळी आहे. वैद्यकीय उपचार १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्यसेवेतून मोफत. शुश्रूषा मात्र स्थानिक परिषदांकडे, आणि २३,२५० पौंडांहून जास्त मालमत्ता असेल तर पूर्ण खर्च स्वतःचा. पैशाच्या दोन थैल्या, दोन वरिष्ठ. परिषदेने घरी मदतनीस पाठवायला उशीर केला तर तिचे पैसे वाचतात आणि रुग्णालयाचे जातात. मग उशीर होतोच. कुणी दुष्ट असायची गरज नसते. थैल्या एकत्र करणे, किंवा ठरावीक दिवसांनंतर खाट अडवल्याचा खर्च शुश्रूषा करणाऱ्या खात्यावर टाकणे, हे दोन मार्ग आजमावले जातात. दुसरा मार्ग कागदावर स्वच्छ दिसतो, पण 'उपचार नेमके कोणत्या तारखेला संपले' यावरच वाद सुरू होतात. आमचा कल पहिल्याकडे आहे.

तुमच्या वॉर्डापुरते सांगायचे तर डिस्चार्जची तयारी भरतीच्या दिवशी सुरू करा. पहिल्या २४ तासांत तीन गोष्टी लिहून घ्या : आजाराआधी हा माणूस स्वतः काय काय करत होता, घरी कोण आहे आणि ते किती तास असतात, शौचालयापर्यंत पायऱ्या किती. बहुतेक ठिकाणी हे प्रश्न उपचार संपल्यावर विचारले जातात आणि तिथेच आठवडा जातो.

प्रश्न : शुश्रूषेसाठी सरकारी मदत द्यायची तर कुणाला किती हे ठरवतात कसे? प्रत्येक म्हातारा माणूस मदत मागेलच.

सगळे मोजमाप १९६३ साली सिडनी कॅट्झ यांनी केलेल्या सहा कामांच्या यादीवर उभे आहे : आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, पलंगावरून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर ताबा आणि हाताने जेवणे. साधारण याच क्रमाने ती हातातून सुटत जातात, म्हणून आंघोळीला मदत लागू लागली की ती पहिली घंटा समजतात.

ही यादी वापरतानाची एक चूक जर्मनीने बावीस वर्षे भोगली. १९९५ साली सुरू झालेल्या तिथल्या शुश्रूषा विम्यात मदतीची गरज मिनिटांत मोजत. सगळ्यांत खालच्या पायरीसाठी दिवसाला किमान ९० मिनिटे, त्यातली निम्म्याहून जास्त शरीराच्या कामांसाठी. दुसरीसाठी तीन तास, तिसरीसाठी पाच. आता स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचा विचार करा. हातपाय धड, शर्टाची बटणे स्वतः लावतो, पण गॅस चालू ठेवून बाहेर पडतो आणि घर विसरतो. त्याला दिवसभर माणूस लागतो आणि मिनिटे मात्र भरत नाहीत. असे हजारो लोक पायरीबाहेर राहिले.

२०१७ पासून मिनिटे गेली आणि गुण आले. स्वतःची निगा राखण्याला ४० टक्के वजन, औषधपाणी आणि उपचार सांभाळण्याला २०, दैनंदिन जीवन आणि माणसांत मिसळण्याला १५, आकलन आणि वागणूक या दोहोंत ज्यात अडचण मोठी त्याला १५, हालचालीला १०. शंभरापैकी १२.५ गुणांना पहिली पायरी, मग २७, ४७.५, ७० आणि ९०. जपानमध्ये तपासनीस ७४ बाबी विचारतो, संगणक प्राथमिक पायरी काढतो आणि डॉक्टरांचे मत जोडून समिती ती कायम करते किंवा बदलते. सात पायऱ्या आहेत.

मोजमाप हाच खर्चाचा नळ आहे. पहिली पायरी सैल ठेवली तर थोडीशी मदत लागणारे लाखो लोक आत येतात. घट्ट ठेवली तर लोक पडून, मोडून थेट वरच्या पायरीवर येतात. जर्मनीत वर्गणीचा दर १९९५ मध्ये पगाराच्या १ टक्का होता, २०२५ मध्ये ३.६ टक्के आहे. त्यामागे वय आहे तसेच २०१७ चे उदार मोजमापही आहे. दोन्ही वेगळे न करता 'म्हाताऱ्यांचा बोजा' म्हणणे सोपे असते.

प्रश्न : घरातली माणसे, बहुधा बायका, जे विनामूल्य करतात ते कुठल्या हिशेबात धरतात?

कुठल्याच नाही. आरोग्यखर्चाच्या आंतरराष्ट्रीय ताळेबंदाचे २०११ सालचे नियम पाहा. आंघोळ घालणे, भरवणे, उठवणे ही पगारी माणसाने केली तर तो 'आरोग्यखर्च'. स्वयंपाक, बाजारहाट, कपडे धुणे पगारी माणसाने केले तरी तो 'सामाजिक' खर्च, आरोग्याच्या बेरजेत नाही. आणि घरच्या माणसाने विनामूल्य काहीही केले तरी शून्य. म्हणून दोन देशांच्या आरोग्यखर्चाची तुलना करताना एकाचा आकडा मोठा दिसला, तर तिथे उधळपट्टी आहे असे लगेच समजू नये. कदाचित तिथे हे काम पगारी झाले असेल, एवढेच.

अंदाजपत्रकाला हे शून्य महागात पडते ते असे. मुले कमी, घरे लहान, स्त्रिया नोकरीत. विनामूल्य काम घटते तेव्हा वृद्धांची संख्या तीच असली तरी सरकारी खर्च उसळतो. उलट मुलीने नोकरी सोडून आईचे केले, तर तिची वर्गणी आणि कर बंद होतो, म्हणजे मघाच्या ६२ कमावत्यांतला एक कमी होतो. जर्मनीत घरी शुश्रूषा घेणाऱ्याला विम्यातून रोख रक्कम मिळते आणि ती तो घरी करणाऱ्याला देऊ शकतो. आठवड्याला किमान दहा तास, निदान दोन दिवसांत विभागून देणाऱ्याची निवृत्तिवेतनाची वर्गणीही विमा भरतो, मात्र त्याची नोकरी आठवड्याला तीस तासांहून जास्त नसावी. जपानने रोख रक्कम मुद्दाम नाकारली, फक्त सेवा दिली. रोख दिली तर ती घरात जाईल आणि काम सुनेच्याच गळ्यात राहील, हा तिथल्या स्त्रियांच्या संघटनांचा आक्षेप होता. रोख रक्कम सरकारला स्वस्त पडते. सेवा महाग पडते, पण कमावती माणसे कामावर राहतात. वरवर स्वस्त दिसणारा पर्याय निवडण्याआधी ही दुसरी बाजू मांडून पाहावी.

प्रश्न : निवृत्तीचे वय वाढवले तर आरोग्यखर्चाचा भार हलका होईल का?

जमेची बाजू सुधारते, खर्चाची जवळपास तशीच राहते. डेन्मार्कने निवृत्तीचे वय आयुर्मानाशी बांधले आहे आणि २०४० पासून ते ७० करण्याचा कायदा २०२५ मध्ये केला. बैठे काम करणाऱ्याला हे झेपते. ओझी उचलणाऱ्याला आणि, गंमत पाहा, वृद्धांना उचलणाऱ्या परिचारिकेला झेपत नाही. ती लवकर अपंगत्वाच्या लाभावर जाते आणि वाचलेला पैसा दुसऱ्या दाराने बाहेर पडतो.

प्रश्न : लोकांनी व्यायाम केला, तंबाखू सोडली, वजन आटोक्यात ठेवले तर सरकारचा पैसा वाचेल ना?

कडू उत्तर : आयुष्यभराच्या हिशेबात बहुधा नाही. २००८ साली नेदरलँड्समधल्या आकडेवारीवर धूम्रपान करणारे, स्थूल आणि निरोगी सवयींचे अशा तीन गटांचा वयाच्या विसाव्या वर्षापासून मृत्यूपर्यंतचा वैद्यकीय खर्च मांडला गेला. सर्वांत जास्त खर्च निरोगी गटाचा निघाला, सर्वांत कमी धूम्रपान करणाऱ्यांचा. जास्त जगणारा माणूस जास्त वर्षे दवाखान्याच्या पायऱ्या चढतो आणि तंबाखूने होणारा कर्करोग टळला तरी पुढे दुसरे काहीतरी होतेच.

यावरून तंबाखूला मोकळीक द्यावी असे कुणी म्हणणार नाही. आरोग्य विकत घेण्यासाठीच हा पैसा असतो आणि प्रतिबंध हा ते विकत घेण्याचा स्वस्त मार्ग आहे. फक्त 'यातून अंदाजपत्रक वाचेल' असे वचन देऊन योजना मंजूर करून घेऊ नये. पाच वर्षांनी बचत दिसली नाही की योजनाच बंद करतात. शिवाय वरच्या हिशेबात कामाची वाढलेली वर्षे, भरलेला कर, घरच्यांचा वाचलेला वेळ यांपैकी काहीच धरलेले नाही.

प्रतिबंधातही सगळे सारखे नसते. पडणे टाळण्यासाठी पायांची ताकद आणि तोल यांचे व्यायाम घरी येऊन शिकवण्याचा न्यूझीलंडमधला ओटागो कार्यक्रम पाहा. त्याने पडण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी केले आणि त्याचा फायदा वीस वर्षांनी नव्हे, त्याच वर्षी दिसतो. नुसते चालायला सांगणे पुरत नाही. तोल डळमळत असलेल्याला आधाराशिवाय भरभर चालायला लावले तर तो उलट जास्त पडतो.

प्रश्न : मोठ्या सुधारणा होतील तेव्हा होतील. आज हाताशी असलेल्या पैशात रुग्णालयाने आधी काय बदलावे?

तीन गोष्टी, आणि तिन्हींत यंत्र लागत नाही.

खुब्याचे हाड मोडलेला रुग्ण. शस्त्रक्रिया ३६ तासांच्या आत आणि दुसऱ्या दिवशी उभे करणे. इंग्लंडमध्ये २०१० पासून ही मुदत पाळली, वृद्धांच्या डॉक्टरांनी रुग्ण पाहिला आणि अशा आणखी काही अटी पुऱ्या झाल्या तरच रुग्णालयाला त्या रुग्णामागे जादा पैसे मिळतात. उशीर बहुधा शस्त्रक्रियागृहामुळे होतो असे वाटते, पण तेवढेच कारण नसते. रक्त पातळ करणारे औषध कोणते आणि शेवटचे कधी घेतले हे कुणालाच माहीत नसते, किंवा हृदयाची तपासणी 'खात्रीसाठी' मागवून दोन दिवस वाट पाहिली जाते. भरती करतानाच औषधांची पिशवी मागा. आणि डिस्चार्जच्या कागदावर हाडांच्या ठिसूळपणाचे औषध नसेल तर तो कागद अपुरा आहे. पहिला खुबा मोडलेल्याचा दुसरा मोडायचा धोका मोठा असतो.

डिलिरियम, म्हणजे भरतीनंतर अचानक येणारा गोंधळ : माणसे न ओळखणे, नळ्या ओढणे, रात्री ओरडणे. शॅरन इनोये यांच्या १९९९ च्या अभ्यासात साध्या उपायांनी त्याचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. उपाय असे : चष्मा आणि श्रवणयंत्र खाटेजवळ, दिवसातून तीनदा उठवून चालवणे, पाणी आठवणीने देणे, तारीख आणि जागा सांगत राहणे, रात्री रक्तदाब मोजण्याच्या आणि औषधांच्या वेळा अशा लावणे की झोप सलग मिळेल. बिघडते कुठे? चष्मा घरी राहतो. लघवीची नळी 'सोयीसाठी' ठेवली जाते आणि काढायची कुणी लिहीत नाही. रात्री झोपेसाठी डायफेनहायड्रामीनसारखी गोळी दिली जाते. वृद्धांना टाळावीत अशा औषधांच्या बिअर्स यादीत ती आहे, आणि गोंधळ तिनेच वाढतो.

तिसरी गोष्ट औषधे. पाच किंवा अधिक औषधे चालू असलेल्या प्रत्येक वृद्धाच्या गोळ्या वर्षातून एकदा टेबलावर ओतून एकेक विचारावी : ही कशासाठी, कुणी, केव्हा सुरू केली? साखळी अशी बनते : रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन, त्याने पायांना सूज, सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी, तिने रात्री तीनदा उठणे, चौथ्यांदा उठताना पडणे, आणि मग वरचा खुबा. बिल शस्त्रक्रियेच्या खात्यात जाते, पण सुरुवात एका चिठ्ठीतून झालेली असते. नवे लक्षण दिसले की नवा आजार शोधण्याआधी गेल्या तीन महिन्यांत कोणते औषध सुरू झाले किंवा वाढवले ते पाहावे. औषधे कमी करताना एका वेळी एकच, नाहीतर काय बिघडले आणि कशाने, ते कळत नाही. बेन्झोडायझेपिन गटातल्या झोपेच्या गोळ्या आणि बीटा-ब्लॉकर (रक्तदाब आणि हृदयासाठीची औषधे) एकदम तोडायचे नाहीत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवड्यांत पायरीपायरीने उतरवायचे. बंद केलेल्या औषधाचे नाव आणि कारण डिस्चार्जच्या कागदावर ठळक लिहावे, नाहीतर पुढच्या भेटीत दुसरा डॉक्टर तेच पुन्हा सुरू करतो.